आभाराची भिंत आणि मागणीची भिंत

मुंबई शहरात १८९६ साली प्लेगची साथ सुरू झाली, तेव्हा भिंतींवर पहिला कुंचला फिरविला तो सरकारने. अधिकारी चाळींत शिरत, खोल्या तपासत, आणि जे घर अंधारे व कोंदट दिसेल त्याच्या दर्शनी भिंतीवर इंग्रजी तीन अक्षरे रंगवून पुढे जात : यू. एच. एच. या अक्षरांचा अर्थ 'मनुष्यवस्तीस नालायक' असा होता. ज्यांच्या दाराशी ती उमटत त्यांपैकी पुष्कळांना ती वाचताही येत नसत. घर त्यांचे, आजार त्यांचा, परंतु भिंतीवरचा निकाल दुसऱ्याने दुसऱ्यांसाठी लिहिलेला. त्या खोल्यांना खिडक्या का नव्हत्या, एका खोलीत किती माणसे कोंबून किती भाडे उकळले जात होते, गिरणीत मजुरी किती मिळत होती, याचा त्या तीन अक्षरांत मागमूसही नव्हता. हीच साथ पुढे पुण्यास गेली आणि मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचविणाऱ्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने निवर्तल्या, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

सव्वाशे वर्षांनी, २०२० साली, कोविडची साथ आली तेव्हाही पहिला कुंचला सरकारच्याच हाती होता. घरीच विलग राहावयाच्या माणसांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने मार्च महिन्यात घेतला. दारांवर कागद चिकटले. रेशनच्या दुकानापुढे चुन्याची वर्तुळे आखली गेली आणि प्रत्येकाने आपापल्या वर्तुळात उभे राहावे असे ठरले. खेड्यांच्या वेशीवर काट्याकुट्यांचे अडसर पडले व 'बाहेरच्यांस प्रवेश बंद' अशा पाट्या लागल्या. या सर्वांवर शब्द एकच होता, 'सामाजिक अंतर'. आम्ही तो शब्द प्रथम वाचला तेव्हा आमच्या घरातील वृद्ध मातोश्री हसल्या व म्हणाल्या, "हे आपल्याला नवीन नाही रे बाबा." जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात 'सामाजिक' हा शब्द टाकून 'शारीरिक अंतर' असे म्हणण्यास प्रारंभ केला. तिचे कारण वेगळे होते. माणसांनी देहाने दूर राहावे, परंतु एकमेकांपासून तुटू नये, एवढेच तिला सांगावयाचे होते. आमच्या देशात मात्र काही शहाण्यांनी या संधीचा फायदा घेऊन, आमच्या पूर्वजांनी शिवाशीव पाळली ती आरोग्यशास्त्र जाणूनच, असे सांगण्यास कमी केले नाही. रोगजंतू जात पाहून अंगात शिरत नाही, आणि अस्पृश्यता ही चौदा दिवसांनी संपणारी नव्हती, या दोन साध्या गोष्टी त्यांच्या ध्यानात आल्या नाहीत.

तेव्हा साथीच्या दिवसांत रस्ता आणि भिंत यांवर लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आमच्यातील काही सुशिक्षित तरुणांस भिंती रंगविणे हे उनाडांचे काम वाटते. नोकरी लागली, घर बांधले, आता भिंत स्वच्छ असावी, ही इच्छा आम्ही समजू शकतो. परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊन छापण्यासही 'केसरी'ने नकार दिला होता, हे त्यांनी विसरू नये. ज्याला छापखाना नाही, वर्तमानपत्र नाही, आणि ज्याची जाहिरातदेखील कोणी घेत नाही, त्याच्यापाशी उरते ती भिंत. 'मूकनायक'ला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी जगभरच्या मुक्या लोकांनी भिंतींवर काय लिहिले, ते पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

यासाठी अमेरिकेतील मिनियापोलिस या शहराकडे प्रथम वळले पाहिजे. २५ मे २०२० रोजी तेथे अडतिसावा रस्ता व शिकागो मार्ग यांच्या चौकात जॉर्ज फ्लॉइड या ४६ वर्षांच्या कृष्णवर्णी माणसाच्या मानेवर एका गोऱ्या पोलिसाने गुडघा रोवला व तो नऊ मिनिटांहून अधिक काळ काढला नाही. आरोप काय, तर वीस डॉलरची खोटी नोट दुकानात दिल्याचा. हा माणूस रखवालदार होता आणि साथीमुळे उपाहारगृहे बंद झाल्याने त्याचे काम गेले होते. शवचिकित्सेत असेही आढळले की एप्रिलमध्ये त्याला कोविडची बाधा होऊन गेली होती. म्हणजे रोगाने त्याचे काम घेतले, रोगाने त्याच्या शरीरातही शिरकाव केला, आणि त्या दोहोंतून तो वाचला तरी गुडघ्यातून वाचला नाही. आपल्याला श्वास घेता येत नाही, असे तो पुनःपुन्हा सांगत होता. न्यूयॉर्क येथे २०१४ साली एरिक गार्नर हा माणूस पोलिसांच्या हातून मेला, तेव्हा तोही हेच सांगत होता.

पोलिसांनी त्या रात्री जे निवेदन काढले त्यात पोलिसांशी संबंध आला असता एका माणसाची प्रकृती बिघडून तो वारला, अशा अर्थाचा मजकूर होता. गुडघ्याचा त्यात उल्लेख नव्हता. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या फोनवर चित्रफीत घेतली नसती, तर इतिहासात हेच निवेदन राहिले असते. मुंबईच्या चाळीवरील तीन अक्षरे आणि मिनियापोलिसच्या पोलिसांचे हे निवेदन एकाच जातीचे आहे, असे आम्हांस वाटते.

उत्तर भिंतीने दिले. तीन दिवसांच्या आत त्याच चौकातील किराणा दुकानाच्या भिंतीवर झीना गोल्डमन, कॅडेक्स हेरेरा व ग्रेटा मॅक्लेन या चित्रकारांनी इतर सहकाऱ्यांसह फ्लॉइडचे मोठे चित्र रंगविले. त्याच्या मस्तकामागे सूर्यफूल आहे. देवादिकांच्या चित्रात प्रभावळ असते, तशी ती दुरून दिसते. जवळ गेल्यावर त्या फुलाच्या काळ्या गाभ्यात नावे दिसतात, आणि ती पोलिसांच्या हातून मेलेल्या इतर कृष्णवर्णी माणसांची असतात. एका माणसाला देव करून बाकीच्यांना विसरून जाण्याची जी सोय समाजाला हवी असते, ती या चित्राने ठेवली नाही. पुढे त्या रस्त्याच्या डांबरावरही अशीच नावे एकाखाली एक रंगविण्यात आली. जवळच्या मोकळ्या मैदानात दोन विद्यार्थी-कलावंतांनी शंभर पांढऱ्या थडग्यांच्या पाट्या उभ्या केल्या व प्रत्येकीवर एकेक नाव घातले.

शहरात उद्रेक झाला. दुकानदारांनी काचा वाचविण्यासाठी प्लायवूडच्या फळ्या ठोकल्या, आणि एका आठवड्यात सारे शहर कोऱ्या फळ्यांचे झाले. त्या फळ्यांवर लोक तुटून पडले. काही ठिकाणी नामवंत चित्रकारांनी काढलेली सुंदर चित्रे होती, काही ठिकाणी केवळ घाईने फवारलेला एक शब्द. दुकान अल्पसंख्याकाच्या मालकीचे आहे, कृपया जाळू नका, असेही काही फळ्यांवर होते; भीतीलाही भिंत लागते. वंशद्वेष हीच खरी साथ आहे, या अर्थाची वाक्ये तर ठिकठिकाणी होती, आणि ती नुसती अलंकारिक नव्हती. कृष्णवर्णी लोक कोविडने गोऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात मरत होते, कारण बस हाकणे, कत्तलखान्यात मांस कापणे, वृद्धांची शुश्रूषा करणे ही घरी बसून न होणारी कामे त्यांच्या वाट्याला आली होती, आणि पैशाअभावी दवाखाना त्यांच्यापासून दूर होता. श्वास कोंडणारे कारण एक नव्हते, दोन होते, हे त्या शहरातील रंगाऱ्यांना तज्ज्ञांच्या अहवालाआधी कळले.

या फळ्यांचे पुढे काय झाले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी. दुकाने उघडू लागली तशा फळ्या उतरू लागल्या. प्लायवूड महाग; ते कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला वापरावे, कोणी कचऱ्यात टाकावे. तेव्हा लीसा केली व केंडा झेलनर-स्मिथ या दोन कृष्णवर्णी तरुण स्त्रियांनी दुकानादुकानांतून फिरून त्या फळ्या मागून घेतल्या. कोणताही सरकारी हुकूम त्यांच्यापाशी नव्हता. सुमारे एक हजार फळ्या त्यांनी गोळा करून गुदामात जपल्या. त्याच सुमारास शेजारच्या सेंट पॉल शहरातील सेंट थॉमस विद्यापीठात हीदर शायरी, टॉड लॉरेन्स व पॉल लोराह हे तीन प्राध्यापक (एक कलेतिहासाच्या, एक वाङ्मयाचे, एक भूगोलाचे) साथीच्या काळातील भिंतींवरील मजकुराचा संग्रह जगभरातून करू लागले होते. फ्लॉइडच्या मृत्यूनंतर त्यांनी दुसरा संग्रह त्याला जोडला. त्यांची एक रीत आम्हांस फार पटली. मोठे, सुबक चित्र तेवढेच कलेत मोडते आणि कचऱ्याच्या पेटीवर चिकटविलेला चिठोरा मोडत नाही, असा भेद त्यांनी केला नाही. कोठे, केव्हा, काय लिहिले हे नोंदले म्हणजे झाले. चिठोरा लावणाऱ्याला शिडी मिळाली नसेल, रंग परवडला नसेल, पहाऱ्यामुळे वेळ मिळाला नसेल. पण म्हणणे त्याचेही होते.

हे चित्र अमेरिकेतच राहिले नाही. सिरियाच्या इदलिब प्रांतात बिन्निश नावाचे गाव आहे. तेथील अझीझ अस्मर व अनीस हमदून या चित्रकारांनी बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या घराच्या उरलेल्या भिंतीवर फ्लॉइडचा चेहरा रंगविला. विषारी वायूने गुदमरून मेलेली माणसे त्या देशाने पाहिली होती. श्वास घेता येत नाही म्हणजे काय, हे त्यांना भाषांतर करून सांगावे लागले नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णी जनतेच्या वतीने संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागविली होती, आणि १९७२ साली मुंबईच्या तरुणांनी आपल्या संघटनेचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून 'दलित पँथर' ठेवले. तेव्हा असे नाते भिंतीवरून भिंतीकडे जाते, याचे आम्हांस नवल वाटत नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या भिंतीकडे वळू.

५ जून २०२० रोजी वॉशिंग्टन शहराच्या महापौर म्यूरिएल बाउझर यांनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासाकडे जाणाऱ्या सोळाव्या रस्त्यावर कृष्णवर्णी जीवही मोलाचे आहेत या अर्थाची इंग्रजी अक्षरे रंगवून घेतली. पिवळा रंग, आणि एकेक अक्षर सुमारे पस्तीस फूट उंच. जगभर त्याची छायाचित्रे गेली, स्तुती झाली. परंतु ज्या चळवळीचे ते घोषवाक्य, तिचेच स्थानिक कार्यकर्ते संतुष्ट नव्हते. आमचे नाव रस्त्यावर लिहिता आणि पोलिसांचे अंदाजपत्रक तसेच ठेवता, हे सोंग आहे, असे ते म्हणाले. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याच पिवळ्या रंगात शेजारी आपली मागणी रंगविली की, पोलिसांवरचा पैसा काढून घ्या. ही मागणीची अक्षरे त्याच वर्षी गेली. सरकारने काढलेली अक्षरे राहिली, तीही मार्च २०२५ पर्यंतच. संसदेतील विरोधकांनी शहराचा निधी अडविण्याची धमकी देताच नगरपालिकेने यंत्रे लावून ती उखडून काढली. सत्ताधाऱ्याने कृपेने दिलेली भिंत सत्तेचे वारे फिरले की जाते. आणि लोकांनी लिहिलेली त्याही आधी जाते, हेही खरे.

इंग्लंडमध्ये ६ मे २०२० रोजी साउथॅम्प्टनच्या इस्पितळात बँक्सी या टोपणनावाच्या चित्रकाराने एक चित्र भेट दिले. एक लहान मुलगा गुडघे टेकून खेळतो आहे. त्याचे बॅटमॅन, स्पायडरमॅन हे वीर टोपलीत पडले आहेत आणि हातात उंच धरलेली बाहुली मुखपट्टी घातलेल्या परिचारिकेची आहे. सारे चित्र काळेपांढरे, रंग काय तो तिच्या अंगावरच्या लाल क्रुसाचा. पाहणारे गहिवरले. परंतु नीट पाहिले तर त्यात एक काटा आहे. काल ज्या बाहुल्यांशी खेळलो त्या आज टोपलीत आहेत. मग आजची बाहुली उद्या कोठे असेल? आम्हांस तरी चित्राचा अर्थ हाच वाटतो. तो पुढे खराही ठरला. हे चित्र २३ मार्च २०२१ रोजी लिलावात शुल्कासह १ कोटी ६७ लाख पौंडांहून अधिक किमतीस गेले व पैसा आरोग्यसेवेच्या धर्मादायास मिळाला. त्याच महिन्याच्या आरंभी ब्रिटिश सरकारने परिचारिकांना वेतनवाढ देऊ केली होती ती शेकडा एक. संतापाची लाट उसळल्यावर जुलैत ती शेकडा तीन करावी लागली. (याच चित्रकाराने जुलै २०२० मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत मुखपट्टीचा उपदेश करणारे उंदीर रंगविले होते, ते सफाई कामगारांनी नियमाप्रमाणे पुसून टाकले. भिंतीची किंमत भिंत कोठे आहे यावर ठरते.)

आभार मानणे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. सेनेगाल देशातील डकार शहरात आर. बी. एस. क्रू या रंगाऱ्यांच्या गटाने शेख अंता दिऑप विद्यापीठाच्या भिंतींवर हात कसे धुवावेत, खोकताना कोपर कसे आड धरावे याची चित्रे साथीच्या आरंभीच काढली. छापील पत्रके न वाचणाऱ्यासही ती कळली. हेही लोकसेवेचे काम होय व त्यास आमचा नमस्कार आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. ज्याला मजुरी द्यावयाची त्याला चित्र द्यावे आणि हिशेब पुरा झाला असे मानावे, यास आम्ही आभाराची भिंत म्हणतो.

आमच्या देशात ३ मे २०२० रोजी हवाई दलाच्या विमानांनी व हेलिकॉप्टरांनी इस्पितळांवर पुष्पवृष्टी केली. शहरोशहरी भिंतींवर 'कोरोना योद्धे' आले : डॉक्टर, परिचारिका, पोलीस आणि चौथा झाडूवाला किंवा झाडूवाली. या चौघांपैकी चौथा कोणत्या समाजातून येतो, हे चित्रकारास ठाऊक असो वा नसो, आमच्या वाचकांस ठाऊक आहे. आमच्या परिचयाच्या एक भगिनी एका लहान शहरात कंत्राटावर रस्ते झाडण्याचे काम करतात. त्या ज्या कचेरीच्या कुंपणाशी रोज पहाटे झाडतात, तिच्याच भिंतीवर अशी एक झाडूवाली रंगविली होती. निळी साडी, हातात झाडू, तोंडाला मुखपट्टी, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, पायांत गमबूट, आणि खाली कृतज्ञतेचे वाक्य. आम्ही ते चित्र पाहून संतोष व्यक्त केला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दादा, चित्रातल्या बाईला हातमोजे मिळालेत. मला अजून मिळायचेत." त्यांनी साथीचे पहिले चार महिने पदराने तोंड बांधून, विलग ठेवलेल्या घरांचा कचरा उघड्या हातांनी उचलला होता. महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा सेविकांनी १५ जून २०२१ पासून संप केला, तोही याच हिशेबासाठी. भिंतीवर त्यांचीही चित्रे होती.

मागणीच्या भिंतीचे आमच्या देशात काय होते, याचे उदाहरण २४ मार्च २०२० या एका दिवसात सापडते. दिल्लीच्या शाहीन बागेत स्त्रियांनी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध १५ डिसेंबर २०१९ पासून धरणे धरले होते. तेथे संविधानाची उद्देशिका वाचली जात असे, बाबासाहेबांची प्रतिमा होती, रस्ताभर चित्रे होती. जवळच जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठाच्या भिंती विद्यार्थ्यांनी चित्रांनी भरल्या होत्या. त्या दिवशी सकाळी पोलिसांनी धरणे उठविले व मंडप काढला. जामियाच्या भिंतींवर पांढरा रंग फिरला. आणि रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी सर्व देश बंद केल्याची घोषणा केली. साथीत गर्दी नको, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे आणि मंडप उठविण्याचे कारण आम्ही समजू शकतो. परंतु भिंतीवरच्या चित्राला खोकला येत नाही. ते पुसण्याने कोणता रोग आटोक्यात आला, याचा खुलासा कोणी केलेला नाही.

पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, लोक प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी रांगा लावीत होते तेव्हा दिल्लीत काही भित्तिपत्रके लागली. आमच्या मुलांच्या वाट्याची लस परदेशी का पाठविली, असा पंतप्रधानांना एका ओळीचा प्रश्न त्यांवर होता. पोलिसांनी वीसहून अधिक लोकांना पकडले. वर्तमानपत्रांतून त्यांची माहिती आली तेव्हा कळले की, त्यांत रोजंदारीवर खळ लावून कागद चिकटविणारे होते, रिक्षा चालविणारा होता, छापणारा होता. प्रश्न कोणाचाही असो, कोठडीत बसावयाचे खळ लावणाऱ्याने. मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा दिल्लीचा कायदा २००७ चा आहे, महाराष्ट्राचा १९९५ चा. कायदा असू नये असे आम्ही म्हणत नाही. कोणाच्या घराची भिंत त्यास न विचारता रंगविणे योग्य नव्हे. परंतु चौकाचौकांत पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे जे फलक पावसाळाभर लटकत असतात, त्यांना तो कायदा क्वचितच आठवतो, आणि एका ओळीच्या प्रश्नाला मात्र रातोरात आठवतो, याचे कारण काय?

भिंत आपल्याच बाजूची असते, असेही कोणी समजू नये. याच साथीत अमेरिकेत चिनी चेहऱ्याच्या लोकांच्या दुकानांवर शिव्या लिहिल्या गेल्या. आमच्याकडे मुसलमान फेरीवाल्यांनी येऊ नये अशा पाट्या काही ठिकाणी लागल्या. ज्यांच्या आजोबांनी 'येथे येऊ नये' हे वाक्य सोसले, त्यांनी अशी पाटी पाहून पुढे चालू लागणे आम्हांस अशोभनीय वाटते. ती उतरविण्यास शिडी मागावी व आपणच चढावे.

आणि थोडे आपल्या स्वतःविषयी. आमच्या वस्त्यांच्या भिंती मुक्या नाहीत. निळा रंग, अशोकचक्र, बाबासाहेबांचे उंचावलेले बोट, हे सर्व आहे व ते पाहून ऊर भरून येतो. परंतु त्या चित्राखाली अलीकडे काय असते? देणगीदाराचे नाव, नगरसेवकाचा हसरा चेहरा, आणि त्याच्या भावी इच्छांस शुभेच्छा. २०२० साली १४ एप्रिलची जयंती आपण घरोघर साजरी केली, चौकात गर्दी केली नाही, ही शिस्त अभिमानास्पद होती. पण त्या काळात वस्तीच्या सार्वजनिक नळाला पाणी किती वेळ येत होते, शंभर घरांमागे संडास किती होते, हात वीस सेकंद धुवा म्हणणाऱ्याने पाणी कोठून आणावे, हे आम्ही वस्तीच्या किती भिंतींवर लिहिले? ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर रुळांवर झोपले असता मालगाडीखाली मेले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या पडल्या होत्या. ज्या मराठवाड्याने नामांतराच्या घोषणांनी सोळा वर्षे भिंती जाग्या ठेवल्या, त्या मराठवाड्यात हे घडले. या मजुरांची सोळा नावे कोणत्या भिंतीवर लिहिलेली आम्ही तरी पाहिली नाहीत.

वर सांगितलेल्या भगिनींच्या कचेरीची भिंत पुढे दोन वर्षांनी पुन्हा रंगविण्यात आली. झाडूवाली गेली, आता तेथे फुलपाखरे आणि स्वच्छतेचे घोषवाक्य आहे. भगिनी अद्याप कंत्राटावरच आहेत. परंतु चित्र पुसले जाण्यापूर्वी त्यांच्या मुलाने त्याचे छायाचित्र घेतले होते, आणि आईला चित्राशेजारी, तसेच उघड्या हातांनी, उभे केले होते. हातमोजे व गमबूट मागणारा जो अर्ज त्यांनी मुकादमामार्फत पाठविला, त्याला ते छायाचित्र जोडले होते. ज्या वाचकांपाशी साथीच्या काळातील आपल्या गावच्या किंवा वस्तीच्या भिंतींची, पाट्यांची, वर्तुळांची अशी छायाचित्रे असतील, त्यांनी ती कागदावर काढून घ्यावीत आणि प्रत्येकीच्या मागे गाव, रस्ता व तारीख शाईने लिहून विहाराच्या पेटीत ठेवावीत. फोन बिघडतात. तारीख घालण्यास मात्र विसरू नये. त्या मुलाने ती घातली नव्हती, आणि कचेरीतून पहिला प्रश्न तोच आला.